पुरातत्त्वीय प्राण्यवशेष

पुरातत्त्वीय प्राण्यवशेष : प्राचीन वसाहती, गुहा, दफने व कचऱ्याचे ढीग यांच्या उत्खननात मिळणारी हाडे, दात, शिंगे, शिंपले, माशांचे काटे, अंड्यांची कवचे, त्याचप्रमाणे शेणाची राख व खुरांचे ठसे यांसारखा प्राणिजन्य पुरावा यांस ही संज्ञा लावतात. ह्या अवशेषांच्या अभ्यासास पुरातत्त्वीय प्राणिविज्ञान असे म्हणतात. भूस्तरांत सापडणाऱ्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या पुराप्राणिविज्ञानाहून ही शाखा वेगळी आहे. पुराप्राणिविज्ञानाचा विषय प्राण्यांचा क्रमविकास हा होय, तर येथे प्राण्याच्या द्वारे माणसाकडे पाहावयाचे असते. तो काय खात होता, कोणती जनावरे पाळीत होता, त्यांच्याकडून कोणती कामे करून घेत होता, वर्षातील कोणत्या काळात कोठे राहत होता व त्याच्याभोवती रान कसे होते, हे प्रश्न अभ्यासकापुढे असतात.

ह्या पुराव्याचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. शिलालेख, नाणी किंवा वाङ्मय हे कोणीतरी, कोणासाठी तरी, हेतुपूर्वक केलेले असते. जेवून झाल्यावर अंगणाच्या कडेला टाकलेले हाड मात्र कोणालाही काही सांगण्याच्या उद्देशाने टाकलेले नसते. म्हणून त्यात अतिशयोक्ती नसते व लाजेकाजेस्तव केलेली लपवाछपवीही नसते. परंतु त्यामुळे हा पुरावा निर्दोष ठरतो असे नव्हे. टाकणाऱ्याने जे टाकले त्यापैकी फारच थोडे अभ्यासकाच्या मेजावर येते, आणि जे येत नाही त्याचा हिशोब ठेवल्याशिवाय जे येते त्याचा अर्थ लागत नाही.

इतिहास : १८४८ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांच्या प्रचंड ढिगांची पाहणी करण्यासाठी भूवैज्ञानिक फोर्कहॅमर, प्राणिवैज्ञानिक याफेट्स स्टीनस्ट्रुप व पुरातत्त्वज्ञ यॅन्स याकॉब व्हॉर्सो यांची समिती नेमण्यात आली. हे ढीग समुद्राने लोटलेले नसून माणसांच्या स्वयंपाकाचा केरकचरा आहे, हे ह्या समितीच्या कामातून सिद्ध झाले. ढिगांतील पक्ष्यांच्या लांब हाडांचे मधले दांडे तेवढे शिल्लक होते, टोके नाहीशी झाली होती. स्टीनस्ट्रुप यांनी कुत्र्यांपुढे हाडे टाकून पाहिली, तेव्हा कुत्र्यांनी नेमकी तीच टोके खाऊन दांडे शिल्लक ठेवले. ह्यावरून त्या लोकांपाशी पाळीव कुत्री होती, हे त्यांनी दाखवून दिले. फक्त हिवाळ्यात डेन्मार्कमध्ये येणाऱ्या रानहंसाची हाडे ढिगांत आढळली, त्यावरून हिवाळ्यातही तेथे माणसांचा वावर होता हेही कळले. साध्या निरीक्षणातून एवढे फळ निघावे, हे आजही नवलाचे वाटते. पुढे १८५३–५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी ओसरून खांबांवरील वसाहतींचे अवशेष उघडे पडले आणि लूटव्हिख र्‍यूटिमायर यांनी १८६१ मध्ये स्वित्झर्लंडमधील अशा वसाहतींच्या प्राण्यांविषयी ग्रंथ लिहून रानटी व पाळीव जनावरे हाडांवरून वेगळी करण्याचा पाया घातला.

भारतात मोहें-जो-दडोच्या उत्खननाच्या १९३१ मधील अहवालात सेवेल व गुहा यांनी प्राण्यवशेषांवर प्रकरण लिहिले. बैनी प्रशाद यांचा हडप्पाच्या प्राण्यवशेषांवरील स्वतंत्र ग्रंथ १९३६ मध्ये निघाला. त्यानंतर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील भोला नाथ यांनी अनेक स्थळांची हाडे ओळखून दिली. मात्र ह्या काळातील बहुतेक काम अहवालाच्या शेवटी जोडलेल्या याद्यांच्या स्वरूपाचे आहे. कोणते प्राणी मिळाले हे त्यांतून समजते, पण किती, कोणत्या वयाचे व कोणत्या घरातून मिळाले हे बहुधा समजत नाही. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर प्रभृतींनी चालविलेल्या संशोधनामुळे ह्या अभ्यासास भारतात पद्धतशीर रूप आले.

हाडाचा प्रवास : जनावर मारले गेल्यापासून त्याचे हाड प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अनेक टप्प्यांवर गळती होते. अवशेष पुरले जाण्याच्या प्रक्रियांच्या ह्या अभ्यासाला रशियन शास्त्रज्ञ एफ्रेमोव्ह यांनी १९४० मध्ये ‘टॅफॉनॉमी’ हे नाव दिले. मांसाबरोबर काही हाडे दुसऱ्या घरी जातात. मज्जेसाठी काही फोडली जातात. उरलेली कुत्री, तरस, घुशी व साळिंदरे कुरतडतात, ऊनपाऊस त्यांना चिरा पाडतो आणि पायदळी येऊन त्यांचा चुरा होतो. बॉब ब्रेन यांनी नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत, फक्त शेळ्या खाल्ल्या जातात अशा ठिकाणी, टाकून दिलेली हाडे गोळा केली. भुजास्थीची कोपराकडील टोके विपुल आणि खांद्याकडील टोके जवळजवळ नाहीत, असे त्यांना आढळले. शेळीला दोन्ही टोके सारख्याच संख्येने असतात, पण एक टोक कठीण व दुसरे सच्छिद्र असते. ह्या साध्या गणनेने एक मोठा सिद्धान्त डळमळला. दक्षिण आफ्रिकेतील मकापन्सगाट गुहेत हाडांचे काही भाग ठळकपणे अधिक आढळतात, म्हणून आदिमानवाने ती हाडे हत्यारे म्हणून निवडून आणली असावीत, असे रेमंड डार्ट यांचे मत होते. प्रत्यक्षात निवड माणसाने केलेली नव्हती, ती हाडांच्या घनतेने व हिंस्र प्राण्यांच्या दातांनी केली होती.

मातीचाही मोठा वाटा असतो. आम्लधर्मी मातीत हाड विरघळून जाते. कोकणातील जांभ्या मातीत जुनी हाडे क्वचितच टिकतात, ह्याचे कारण हेच होय. तेथे हाडे मिळाली नाहीत ह्याचा अर्थ तेथील लोक मांस खात नव्हते असा होत नाही. उलट देशावरील जुन्या गावठाणांची माती राख, चुना व सेंद्रिय कचरा मिसळून पांढुरकी व अल्कधर्मी झालेली असते. गावठाणाला ‘पांढरी’ व शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची आपल्याकडील जुनी रीत ह्या फरकावरच आधारलेली आहे. पुरातत्त्वज्ञास पांढरीची टेकाडे शोधण्यास ती उपयोगी पडते आणि हाडांनाही पांढरीच मानवते.

शेवटची गळती उत्खननकाराच्या हातून होते. माती चाळणीतून गाळली नाही, तर गाईचा जबडा हाती लागतो, पण मेंढीचे सुटे दात, उंदराची हाडे व माशांचे काटे मातीबरोबर ढिगाऱ्यावर जातात. ग्रीसमधील सिटाग्रॉई येथे हाताने वेचल्यानंतरची माती चाळून सबॅस्टियन पेन यांनी हा फरक मोजून दाखविला. लहान जनावरांच्या बाबतीत तो इतका मोठा होता, की न चाळलेल्या मातीतील हाडांवरून काढलेल्या टक्केवारीवर विसंबणे धोक्याचे ठरते. भारतातील अनेक जुन्या उत्खननांत मासे व पक्षी यांचे प्रमाण नगण्य दिसते. त्यामागे आहार किती व चाळणीचा अभाव किती, हे आता सांगणे कठीण आहे.

ओळख व गणना : मिळालेला तुकडा ज्ञात प्राण्यांच्या सांगाड्यांशी ताडून पाहतात. त्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेत नर-मादी व लहान-मोठ्या जनावरांच्या सांगाड्यांचा संग्रह असावा लागतो. काही जोड्या फार त्रास देतात. शेळी व मेंढी यांची हाडे इतकी सारखी असतात, की १९६४ मध्ये योआखिम बोएस्नेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म भेद नोंदवीपर्यंत त्यांची सरमिसळ अटळ होती. आजही पुष्कळ तुकडे ‘शेळी-मेंढी’ असेच नोंदवावे लागतात. भारतात ह्या जोडीत काळवीट व चिंकारा यांची भर पडते, तर गाय, म्हैस व नीलगाय यांचे एक दुसरे त्रिकूट आहे. वशिंडाच्या गुरांच्या पाठीतील काही मणक्यांचे काटे टोकाशी दुभंगलेले असतात, तेवढा एक भाग मिळाला तरी ओळख सोपी होते.

गणनेच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत प्रत्येक प्राण्याचे ओळखता आलेले तुकडे मोजतात. दुसरीत किमान किती जनावरे असली पाहिजेत हे काढतात. उदा., डाव्या भुजास्थीची कोपराकडील सात टोके मिळाली, तर जनावरे किमान सात असणार. पहिल्या रीतीत एकच हाड दहा ठिकाणी फुटले तर ते दहादा मोजले जाण्याचा धोका असतो. दुसरीत एकुलत्या एका दाताने सबंध जनावर उभे राहत असल्याने दुर्मिळ प्राण्यांचे महत्त्व फुगते. शिवाय तुकड्यांची संख्या म्हणजे ताटातील मांस नव्हे. एका बैलाचे मांस दहा-बारा शेळ्यांच्या मांसाइतके भरत असल्याने, शेळीचे साठ व बैलाचे चाळीस तुकडे मिळाले, तरी मांसाहाराचा मुख्य आधार बैल हाच ठरू शकतो. एखाद्या अहवालात नुसतीच टक्केवारी दिलेली असेल, तर ती कशाची आहे हे वाचकाने आधी पाहावे.

वय व उपयोग : आपल्या बैलबाजारात खरेदीदार जनावराचे तोंड उघडून ते आदत, दुसा, चौसा, सहादाती की जुळलेले हे पाहतो व वय ठरवितो. पुरातत्त्वज्ञाची रीत तीच आहे. मात्र पुढचे दात जबड्यातून सहज निसटतात, म्हणून तो दाढा पाहतो. गुरांची पहिली कायम दाढ सु. सहा महिन्यांनी, दुसरी सु. दीड वर्षाने व तिसरी दोन ते अडीच वर्षांनी उगवते. पुढचे वय दाढांच्या झिजेवरून अजमावतात. लांब हाडांची टोके दांड्याशी सांधली गेली आहेत की नाहीत, यावरूनही वयाचा अंदाज येतो.

जनावरे कोणत्या वयात मारली जात, ह्यावरून ती कशासाठी पाळली जात हे कळते. केवळ मांसासाठी पाळलेल्या कळपातील बहुतेक नर पूर्ण वाढ होताच मारले जातात, कारण त्यानंतर चाऱ्याच्या मानाने मांस वाढत नाही. दूध हा मुख्य हेतू असेल, तर नको असलेली नर पिल्ले फार लवकर काढून टाकली जातात व म्हाताऱ्या माद्यांची हाडे अधिक मिळतात. लोकरीसाठी नरमाद्या दोन्ही दीर्घकाळ ठेवतात. पेन यांनी १९७३ मध्ये तुर्कस्तानातील आश्वान येथील शेळ्यामेंढ्यांच्या जबड्यांवरून ह्या तीन रीतींचे आलेख मांडले, ते आजही वापरले जातात. ओढकामाची खूण हाडांवरच उमटते. वर्षानुवर्षे जू वाहिलेल्या बैलाच्या पायाची खालची हाडे फाकतात व सांध्यांभोवती हाडाची अतिरिक्त वाढ होते. तथापि म्हातारपण, वजन व खडकाळ जमीन यांमुळेही असे बदल होतात, म्हणून एखाददुसऱ्या हाडावरून नांगर सिद्ध करणे बरे नव्हे.

इनामगावचा पुरावा : ह्या अभ्यासाचे बळ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही महाराष्ट्रात पाहावयाच्या असतील, तर इनामगावसारखे दुसरे स्थळ नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या ह्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन महाविद्यालयाच्या वतीने ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी व म. के. ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ ह्या काळात केले. वसाहतीचे माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. १४००–१०००) व उत्तर जोर्वे (सु. १०००–७००) असे तीन कालखंड आहेत. पूर्व जोर्वे काळात येथे चौकोनी घरे, पुराला अटकाव करणारा बांध व पाण्याचा पाट होता, आणि जव हे मुख्य पीक होते. उत्तर जोर्वे काळात त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व मृद्‌भांडी ओबडधोबड झाली. सु. ७०० मध्ये वसाहत ओस पडली.

हाडांत गाईबैलांचे अवशेष प्रमुख आहेत. म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर व कुत्रा हे पाळीव प्राणी आणि काळवीट, चितळ, सांबर यांसारखे वन्य प्राणी, तसेच कासवे व मासे हेही त्यांत आहेत. पाळीव जनावरांची संख्या मोठी असली, तरी शिकार कधीच थांबलेली दिसत नाही. शेतकऱ्याने रानाकडे पाठ फिरविली ही कल्पना ह्या हाडांनी खोटी ठरविली. ज्या शेताला पाणी मिळे, त्या शेतावर काळविटांचे कळप येत असणार. पिकाची राखण व मांसाची सोय ही दोन्ही कामे एकाच वेळी होत असावीत.

मुख्य प्रश्न उत्तर जोर्वे काळाचा आहे. ह्या काळातील थरांत गुरांचे प्रमाण घटते, तर शेळ्यामेंढ्या व वन्य प्राणी यांचे वाढते. ढवळीकर यांनी ही घट, गोल झोपड्या व शेतीची अवनती यांची सांगड घालून असे प्रतिपादन केले, की इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान कमी होऊन शेती आतबट्ट्याची झाली आणि लोक मेंढपाळीच्या अर्धभटक्या जीवनाकडे वळले. गाईबैलांना रोज भरपूर पाणी व वैरण लागते. शेळी बाभळी-बोरींच्या पाल्यावर तग धरते. १९७२ च्या दुष्काळात दावणी कशा रिकाम्या झाल्या हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या तर्काचा आधार वेगळा सांगावयास नको.

तरीही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. टक्केवारीत एक प्रमाण घटले की बाकीची आपोआप वाढतात. शेळ्यामेंढ्या प्रत्यक्षात पूर्वीइतक्याच असूनही, केवळ गुरे कमी झाल्याने त्या वाढल्यासारख्या दिसतील. दुसरे असे, की वरचे थर जमिनीच्या पृष्ठाजवळ असतात व त्यांतील हाडांची मोडतोड अधिक होते. परंतु हा दुसरा आक्षेप उलट बाजूने काम करतो. मोडतोडीत प्रथम लहान जनावरांची हाडे नाहीशी होतात, म्हणून निव्वळ मोडतोडीने शेळ्यामेंढ्यांचे प्रमाण घटले असते. ते वाढलेले दिसते, म्हणून बदल खरा असण्याचाच संभव अधिक. प्रस्तुत लेखकाच्या मते हाडे येथवर साक्ष देतात, त्यापुढे नाही. राहणीत बदल झाला हे ती सांगतात. तो दुष्काळाने झाला, की जमिनीचा कस गेल्याने, की दोन्ही कारणांनी, हे ठरविण्यास परागकण, गाळाचे थर व दातांतील समस्थानिके यांचा स्वतंत्र पुरावा लागतो. हवामानाची कल्पना आधी मनात धरून हाडे वाचली, तर हाडे तीच कल्पना परत करतात.

कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा : हाडावरील बारीक, सरळ व तळाशी टोकदार चरे सुरीच्या धारेचे असतात. कुत्र्याच्या दातांचे चरे रुंद व तळाशी गोलट असतात. सांध्याजवळचे चरे अवयव सुटे केल्याचे, दांड्यावरील चरे मांस सोलल्याचे व खुरांलगतचे चरे कातडे काढल्याचे दर्शवितात. भाजल्याने हाड आधी तपकिरी, नंतर काळे व तीव्र उष्णतेत करडे-पांढरे होते. पांढरे पडलेले हाड भाजलेल्या मांसातले नसून बहुधा नंतर चुलीत टाकलेले असते.

इनामगाव येथील गुरांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. गंगेच्या खोऱ्यात, हस्तिनापूर येथे ब. ब. लाल यांनी केलेल्या उत्खननातील चित्रित करड्या मृद्‌भांड्यांच्या थरांतही तशा खुणांची गुरांची हाडे भोला नाथ यांनी नोंदविली आहेत. त्या काळी त्या स्थळी गोमांस खाल्ले जात होते, हा त्यांचा सरळ अर्थ होय. ह्या निष्कर्षाने नंतरच्या काळातील निषेध खोटे ठरत नाहीत किंवा खरेही ठरत नाहीत. आहाराचे नियम काळाबरोबर व समाजागणिक बदलत आले, एवढेच त्यावरून दिसते. गाय हे त्या लोकांचे मुख्य धन होते आणि तिचे मांस त्यांना वर्ज्य नव्हते, ह्या दोन गोष्टी एकाच ढिगात एकत्र सापडतात.

सर्वच हाडे जेवणातली नसतात. इनामगावजवळच्या वाळकी येथे गुराच्या हाडाचे नांगरासारखे अवजार मिळाले आहे. विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले आढळतात. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात घोड्याच्या डोक्यावरील तांब्याचे अलंकार मिळाले. येथे घोडा हे खाद्य नसून मृताच्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे.

माणसाळविणे : रानटी जनावर पाळीव झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्याचा आकार लहान होत जातो, शिंगांचा घाट बदलतो व मारल्या जाणाऱ्या जनावरांची वये ठराविक होतात. बलुचिस्तानातील बोलन खिंडीजवळच्या मेहरगढ येथील हाडांचा रिचर्ड मेडो यांनी केलेला अभ्यास ह्या बाबतीत आदर्श मानला जातो. सर्वांत खालच्या थरांत चिंकाऱ्यासारखे वन्य प्राणी भरपूर आहेत. जसजसे वर यावे तसतसे ते कमी होतात, गुरांचे प्रमाण वाढत जाते आणि त्याच वेळी गुरांची हाडे लहान होत जातात. वशिंडाचे गुरू बाहेरून आले नसून ह्याच भूभागात माणसाळविले गेले, ह्या मतास पुढे आनुवंशिकीच्या अभ्यासानेही दुजोरा मिळाला. दक्षिणेत तेलंगणातील उटनूर येथे रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये राखेच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा ती राख गुरांच्या वाड्यातील जळालेल्या शेणाची असून थरांत खुरांचे ठसे उमटले आहेत, असे आढळले. एकही हाड मिळाले नसते, तरी ह्या टेकाडाने आपली गोष्ट सांगितलीच असती. कर्नाटकातील बुदिहाळ येथे के. पद्दय्या यांना जनावरे कापण्याची जागाही मिळाली.

ओळखीतील एका शंकेचे परिणाम किती दूरवर जातात, ह्याचे उदाहरण कच्छमधील सुरकोटडा येथील आहे. ज. प्र. जोशी यांनी उत्खनन केलेल्या ह्या हडप्पाकालीन स्थळावरील काही हाडे घोड्याची असल्याचे अ. कु. शर्मा यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. हंगेरियन तज्ञ शांडोर बॉकॉनी यांनी ती तपासून त्या मतास पाठिंबा दिला. १९९७ मध्ये मेडो व अजिता पटेल यांनी तो निष्कर्ष सिद्ध होत नाही असे दाखविले. कच्छच्या रणात खर म्हणजे रानगाढव आजही आढळते आणि त्याचे दात व पायाची हाडे घोड्याच्या इतकी जवळची असतात, की थोड्या तुकड्यांवरून निर्णय देणे अवघड होते. आर्यांच्या प्रश्नाशी घोड्याचा संबंध जोडला गेल्याने ह्या मूठभर हाडांवर त्यांना पेलवणार नाही इतका भार पडला. माहुरझरीच्या घोड्याविषयी असा वाद नाही, पण तो पुष्कळच नंतरचा आहे.

परिसर, ऋतू व व्यापार : वन्य प्राणी आपापल्या अधिवासास चिकटून असतात, म्हणून त्यांच्या हाडांवरून जुने रान कळते. उत्तर गुजरातेतील लांघणज ह्या मध्याश्मयुगीन स्थळी गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले. आज तेथे रेताड व कोरडा प्रदेश आहे. गेंड्यास पाणथळ गवताळ भूमी लागते. त्या हाडावरील खळग्यांवरून, गारगोट्यांची बारीक हत्यारे घडविताना त्याचा ऐरणीसारखा उपयोग केला असावा, असे झॉइनर यांनी सुचविले. ऋतूविषयीचे अनुमान मात्र जपून करावे लागते. इंग्लंडमधील स्टार कार येथे ग्रेअम क्लार्क यांनी १९४९–५१ मध्ये उत्खनन केले व हरणांच्या शिंगांवरून ती हिवाळी वस्ती ठरविली. १९८८ मध्ये लेग व रोली-कॉन्वी यांनी पिल्लांच्या दातांवरून ती उन्हाळी असल्याचे दाखविले. शिंग हा हत्यारांचा कच्चा माल असतो, तो जपून ठेवता येतो व दूरवर नेता येतो. पिल्लाचा जबडा कोणी साठवून ठेवीत नाही.

समुद्रापासून शेकडो किमी. दूर असलेल्या हडप्पा येथे सागरी माशांचे काटे मिळाले आहेत. ताजा मासा तेथवर पोहोचणे शक्य नव्हते, म्हणून तो खारवून किंवा सुकवून नेला जात असला पाहिजे. सुक्या मासळीचा हा व्यापार कोणत्याही मुद्रेवर कोरलेला नाही. सौराष्ट्रातील नागेश्वर येथे शंख कापून बांगड्या करण्याचे कारखाने होते, हे तेथील कापलेल्या शंखांच्या ढिगांवरून समजते.

नव्या पद्धती : गेल्या काही दशकांत हाडाच्या बाह्य रूपाबरोबर त्याची रासायनिक घटनाही वाचता येऊ लागली आहे. हाडातील कोलॅजेन ह्या प्रथिनाच्या तुकड्यांवरून शेळी व मेंढी वेगळ्या करता येतात. दाताचे लुकण थराथराने तयार होत असल्याने त्यातील कार्बन व ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जनावराने वर्षभरात काय खाल्ले, व स्ट्राँशियमच्या समस्थानिकांवरून ते कोठे चरले, हे कळते. गुजरातेतील बगसरा येथील गुरांना ज्वारी-बाजरीसारख्या तृणवर्गाचा चारा वर्षभर नियमाने मिळत होता, शेळ्यामेंढ्यांचा चारा मात्र विविध होता, असे ह्या रीतीने दिसून आले. कच्छमधील कोटडा भाडली येथील मडक्यांत मुरलेल्या स्निग्ध द्रव्यांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात इ. स. पू. सु. २५०० मधील दुधाचे अंश आढळले. गोठ्यातील हाडांवरून केवळ तर्काने मांडलेला दुधाचा उपयोग अशा प्रकारे मडक्याच्या अंगातून प्रत्यक्ष सिद्ध झाला.

भारतातील उष्ण हवामानात प्राचीन डीएनए व कोलॅजेन फार काळ टिकत नाहीत. दाताचे लुकण त्या मानाने चिवट असते, त्यामुळे येथील नव्या संशोधनाचा भर दातांवर आहे. त्यासाठी जुन्या उत्खननांतील साठे पुन्हा उघडले जात आहेत. ज्या पुडीवर खड्ड्याचा क्रमांक, थर व खोली लिहून ठेवलेली आहे, त्या पुडीतील दात पन्नास वर्षांनंतरही कामाला येतो. ज्या पुडीवर केवळ स्थळाचे नाव आहे, तिच्यातील दात नमुना म्हणून विद्यार्थ्यांना दाखविण्यापलीकडे उपयोगी पडत नाही.